ब्याण्णवला सुरू, सत्त्याऐंशीला बंद

बाबाची मॉरिस मायनर, एकसष्ट सालची,
रंग हिरव्या कोवळ्या बदामाचा.
रस्ता मोकळा असला की तक्रार नसते तिची,
समोरचा वारा जाळीतून आत घुसतो
आणि पट्ट्यावर फिरणारा जुना पत्र्याचा पंखा
फुकटचं श्रेय घेतो.

उकळी फुटते ती थांबल्यावर.
निकोसियाच्या नाक्यावर, पासपोर्टांच्या रांगेत,
जुलैची दुपार, पुढे सतरा गाड्या.
इंजिन मंदावलं की पंखाही मंद,
एकाच पट्ट्याला बांधलेले दोघे.
नड असते नेमकी तेव्हाच हा आळसावतो.
"तुझ्या आतेच्या नवऱ्यासारखा," बाबा म्हणायचा.

तिसऱ्यांदा ती उतू गेली
ती दोन चौक्यांच्या मधोमध.
इकडचे पोलीस, तिकडचे पोलीस
वाफ कुणाच्या हद्दीत येते ते ठरवत राहिले.
मागच्या गाडीतून एक माणूस कॅन घेऊन आला.
"झाकण उघडू नका," तो गावाकडच्या ग्रीकमध्ये म्हणाला,
"आधी एक सिगरेट संपवू."
तुंजाय. ग्योनयेलीत गाड्यांची वायरिंग करतो.

शनिवारी त्याच्या गॅरेजात
पत्र्याचा पंखा उतरला, चार बोल्ट, एक शिवी.
भंगारातल्या जपानी गाडीचा विजेचा पंखा
रेडिएटरच्या पुढे बसला.
जाड वायर, रिले, वीस अँपिअरचा फ्यूज,
आणि तापमान चाखायला
पात्यांमध्ये खोचलेली तांब्याची बारीक जीभ.
"डायनॅमो म्हातारा आहे," तुंजाय म्हणाला,
"रात्री दिवे आणि पंखा दोन्ही नाही पेलायचे."
"रात्री मी परततोच," बाबा.

वायर जोडली. तुंजायने वर्तमानपत्राचं पान
जाळीसमोर धरलं.
पान उडालं ते थेट कॅनरीच्या पिंजऱ्यावर.
पंखा उलटा! आत ओढायचं सोडून बाहेर फुंकतोय.
जरा वेळ दोघे डोकं खाजवत राहिले,
मग तुंजायने बॅटरीकडे पाहून कपाळावर हात मारला.
या बाईचं धन टोक बॉडीला,
जन्मापासूनच उफराटा संसार.
दोन वायरी अदलाबदल केल्या
आणि पान जाळीला चिकटून बसलं,
कालच्या फुटबॉलच्या निकालांसकट.

मग तुंजायने विचारलं,
"किल्लीच्या आधी जोडू की नंतर?
नंतर जोडला, तर गाडी बंद की पंखा बंद.
आधी जोडला, तर बंद केल्यावरही फिरेल
पाणी निवेपर्यंत."
"मी कुठे बंद करतो?" बाबा म्हणाला.
तुंजायने त्याच्याकडे एकदा पाहिलं,
काही न बोलता आधी जोडला.

आता सांगते.
बाबा पलीकडे जातो ते स्वस्त पेट्रोलसाठी, असं तो म्हणतो.
टाकी भरतो, मग चाळीस किलोमीटरचा वळसा घेऊन
एका निळ्या फाटकासमोर उभा राहतो,
इंजिन चालू ठेवून.
याच गाडीतून तो चौऱ्याहत्तरला तिथून निघाला होता,
चोक ओढलेला, मागच्या सीटवर शिवणयंत्र.
दहा मिनिटं, बारा मिनिटं. काटा चढतो.
काटा लाल झाला की म्हणतो, "चल, तापली."

या वेळी काटा चढला,
रिले बोलला, टक्,
पंखा घुमू लागला आणि काटा
मध्यावर येऊन शहाण्यासारखा थांबला.
बाबा काट्याकडे बघत राहिला.
निघायला कारण उरलं नव्हतं.
वीस मिनिटांनी त्याने किल्ली फिरवली.

इंजिन गप्प. पंखा चालूच.
एवढ्या शांततेत तो केवढा मोठा वाजतो!
लिंबाच्या झाडावरची चिमणी उडाली.
एक म्हातारी हात पुसत फाटकाशी आली,
बोनेटकडे बोट दाखवून
तुर्कीत काहीतरी विचारलं, मग खुणेने:
पाणी हवंय का? गाडीला?

बाबाने उत्तर दिलं नाही. घुमणं ऐकत होता.
ब्याण्णव, नव्वद, एकोणनव्वद,
मी मनात मोजत होते, तोही मोजत असावा.
टक्.

"गाडीला नको," तो दार उघडत म्हणाला, ग्रीकमध्येच,
"मला चालेल."